घोडेवाट कोणाची? सार्वजनिक जमीन आणि वाटेचा हक्क



नागरिकशास्त्राच्या तासाला 'सार्वजनिक संपत्ती' हा पाठ आला की वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो. सार्वजनिक म्हणजे सर्वांचे हे खरे. पण जे सर्वांचे आहे, तेथे कोणी काय करावे हे ठरवायचे कोणी? बागेत फिरणाऱ्याला शांतता हवी असते, मुलांना चेंडू खेळायचा असतो आणि म्हाताऱ्या आजोबांना बाकावर ऊन खात बसायचे असते. तिघांचाही हक्क सारखाच आहे, जागा मात्र एकच आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी या अंकात मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. अमेरिकेतील सार्वजनिक जंगलांतून आणि डोंगरांतून जाणाऱ्या वाटांवर घोडेस्वारांना जाऊ द्यावे की नाही, हा तेथे गेली कित्येक दशके चाललेला वाद आहे. उदाहरण दूरचे असले की आपल्या-परक्याचा भाव मध्ये येत नाही आणि दोन्ही बाजू नीट दिसतात.

शब्दापासून सुरुवात

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत अशा वाटेला 'पगडंडी' म्हणतात आणि मराठीत 'पायवाट'. दोन्ही शब्दांत पाय आहे. म्हणजे वाट ही चालणाऱ्याची, हे भाषेनेच गृहीत धरले आहे. परंतु मराठीत 'गाडीवाट' आहे, शेतांमधून जाणारी 'पाणंद' आहे आणि डोंगर उतरणारा 'घाट' आहे. या वाटांवरून माणसांबरोबर बैल, तट्टे आणि घोडेही जात असत. आज ज्या वाटेचा विचार करायचा आहे तिला आपण सोयीसाठी 'घोडेवाट' म्हणू.

माळव्यातील मराठी घराण्यांना घोडा परका नाही. अठराव्या शतकात होळकर, शिंदे आणि पवार यांच्या फौजांबरोबर आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज इकडे आले. इंदूरमध्ये 'पागनीस पागा' हे नाव अजून रोजच्या बोलण्यात आहे. पागा म्हणजे घोडदळाचा तबेला. तेथे आता घरे आणि दुकाने आहेत, पण नाव राहिले. त्या फौजांत दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

जमीन किती आणि कोणाची?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. हे क्षेत्र आपल्या संपूर्ण भारताच्या क्षेत्रफळाच्या पाऊण हिश्शाहून अधिक भरते. तिचा बहुतेक भाग चार खात्यांकडे आहे: भू-व्यवस्थापन खाते, वनखाते, वन्यजीव खाते आणि राष्ट्रीय उद्यान खाते. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले आणि वनखाते १९०५ साली स्थापन झाले.

एकट्या वनखात्याच्या ताब्यातील वाटांची लांबी सुमारे अडीच लाख किलोमीटर आहे. यांतील कित्येक जुन्या वाटा मुळात घोडे आणि खेचरे यांच्यासाठीच आखलेल्या होत्या, हे विशेष. मोटार रस्ते पोहोचण्यापूर्वी वनरक्षक घोड्यावरून गस्त घालत आणि वणवा लागला की विझवणाऱ्यांचे अन्न, अवजारे व तंबू खेचरांच्या पाठीवरून जात. मॉन्टाना राज्यात नाइनमाइल येथे वनखात्याने १९३० साली अशा जनावरांचे मोठे ठाणेच उभारले होते. ते १९५३ पर्यंत चालले. पुढे रस्ते वाढले, विमाने आली आणि जनावरांची गरज कमी झाली. ज्यांच्या खुरांनी वाटा घडल्या, त्यांनाच त्या वाटांवर जागा द्यावी का, असा प्रश्न त्यानंतर विचारला जाऊ लागला.

१९६४ चा कायदा

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वन्यक्षेत्र कायद्यावर सही केली. जेथे माणूस पाहुणा म्हणून येईल पण वस्ती करणार नाही, असे प्रदेश कायमचे राखून ठेवणे हा या कायद्याचा हेतू. सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर जमीन या कायद्याखाली आली. आज ती ११ कोटी एकरांहून अधिक आहे.

या क्षेत्रांत मोटारगाडी चालत नाही, यंत्राची करवत चालत नाही आणि हेलिकॉप्टर उतरवता येत नाही. कायद्याने यांत्रिक वाहतुकीवर बंदी घातली आहे, म्हणून सायकलही चालत नाही. वणवा किंवा कोणाच्या जिवाला धोका अशा प्रसंगी अपवाद होतो, एरवी नाही. मग आत जायचे कसे? पायी, होडीने किंवा घोड्यावरून.

आपल्याकडे याच्याशी मिळतेजुळते ठिकाण म्हणजे माथेरान. तेथे खासगी मोटारींना प्रवेश नाही, गाड्या दस्तुरी नाक्याला ठेवाव्या लागतात आणि पुढे घोडे दिसतात. जेथे इंजिनाला मनाई होते, तेथे घोडा ही चैन राहत नाही, ती गरज होते.

अमेरिकेच्या कायद्याने घोड्याला बंदी घातली नाही. परंतु कोणत्या वाटेवर घोडा जाईल, किती जातील, कोठे मुक्काम करतील, हे ठरवण्याचे अधिकार त्या त्या खात्याच्या व्यवस्थापनाकडे राहिले. म्हणजे दार उघडे आहे, पण ते किती उघडे ठेवायचे हे दरवेळी नव्याने ठरते. म्हणूनच घोडेस्वारांना आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडावी लागते.

एक कायदा, दोन वाटा

हे कसे घडते याचा उत्तम नमुना १९६८ च्या राष्ट्रीय वाटा कायद्यात सापडतो. या कायद्याने दोन लांब वाटांना एकाच दिवशी राष्ट्रीय दर्जा दिला.

पहिली पूर्वेकडची ॲपलाचियन वाट. जॉर्जियापासून मेनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी, सुमारे ३,५०० किलोमीटर लांब. कायद्यानेच तिला प्रामुख्याने पायी चालणाऱ्यांची वाट म्हटले. थोडे टप्पे सोडले तर तिच्यावर घोडा नेता येत नाही.

दुसरी पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट वाट. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांतून जाणारी, सुमारे ४,२६५ किलोमीटर लांब. ही चालणाऱ्यांसाठी आहे आणि घोडेस्वारांसाठीही. सायकलींना मात्र १९८८ पासून बंदी आहे.

हा फरक का पडला असेल? पूर्वेकडील वाट पदयात्रींच्या मंडळांनी कल्पिली आणि बांधली. पश्चिमेत घोड्यावरून लांबचा डोंगरी प्रवास करण्याची परंपरा चालू होती. १९५९ साली, म्हणजे कायदा होण्याच्या नऊ वर्षे आधी, डॉन आणि जून मलफर्ड या पती-पत्नींनी मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतचा प्रवास घोड्यावरून पूर्ण करून दाखवला होता. जो वापर चालू असतो आणि लोकांना दिसत असतो, तो नाकारणे कठीण जाते.

वाट बंद कशी होते?

आपल्याला वाटते, हक्क जातो तो 'प्रवेश बंद' अशी पाटी लागल्याने. प्रत्यक्षात पाटी फार क्वचित लागते. वाट बंद होते ती हळूहळू, आणि तिची कारणे अगदी साधी असतात.

समजा, वाटेवर एक मोठे झाड आडवे पडले. चालणारा माणूस त्यावर चढून पलीकडे उतरतो, घोड्याला ते जमत नाही. बाजूला खोल दरी असेल तर वळसाही घालता येत नाही. म्हणजे एका झाडाने वाट घोड्यासाठी बंद झाली आणि चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. वणव्यानंतर उभी जळालेली झाडे पुढे कित्येक वर्षे पडत राहतात आणि अशी शेकडो झाडे एका वाटेवर साठतात.

दुसरे कारण वाहनतळ. घोडेस्वार घोड्याला ट्रेलरमध्ये घालून, मोटारीने ओढत वाटेच्या तोंडापर्यंत आणतो. तेथे केवळ लहान गाड्यांपुरती जागा आखली, तर ट्रेलर वळवता येत नाही. कागदावर वाट खुली असते, पण पोहोचताच येत नाही. तिसरे कारण पूल. माणसाच्या वजनाचा विचार करून बांधलेल्या अरुंद पुलावरून सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोचा घोडा नेणे धोक्याचे असते. चौथे कारण नव्या वसाहती. जंगलाच्या कडेला घरे झाली, कुंपणे पडली आणि गावातून जंगलात जाणारा जुना दुवा तुटला.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१३ साली वनखात्याच्या वाटांची तपासणी केली. खात्याच्याच निकषांवर उतरतील अशा वाटा सुमारे एक चतुर्थांश होत्या. खोळंबलेल्या दुरुस्तीचा खर्च २०१२ च्या हिशेबाने ३१ कोटी ४० लाख डॉलर एवढा निघाला. सरकार श्रीमंत असले तरी अडीच लाख किलोमीटर वाट झाडायला माणसे कोठून आणणार?

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

आता विरुद्ध पक्षाकडे वळू. घोड्यांना विरोध करणारे सगळेच आडमुठे आहेत असे समजू नका. त्यांच्या तक्रारींत तथ्य आहे.

नाल ठोकलेल्या खुराखाली, विशेषतः पावसानंतरच्या ओल्या मातीत, वाट चिखलते आणि खचते. मग मागून येणारे लोक कडेने चालतात आणि वाट रुंद होत जाते. झाडाला बांधलेला घोडा कंटाळून खुराने माती उकरतो, मुळे उघडी पडतात आणि दोराने सालही सोलली जाते. मुक्कामाच्या जागी कुरण चरून संपते. बाहेरून आणलेल्या गवतात तणांचे बी असते, ते जंगलात रुजते आणि तेथील मूळ वनस्पतींना मारते. वाटेवर लीद पडते. आणि काही लोकांना घोड्याची भीती वाटते, तीही खोटी नसते.

पदयात्री म्हणतो, मी इतक्या दूर शांततेसाठी आलो आहे. सायकलस्वार म्हणतो, माझ्या चाकापेक्षा खूर जास्त नुकसान करतो, मग मला वन्यक्षेत्रात बंदी आणि घोड्याला मोकळीक हा कुठला न्याय? या प्रश्नाला 'आम्ही आधीपासून येतो' एवढे उत्तर पुरेसे नाही.

घोडेस्वारांनी काय केले?

माझ्या मते या विषयातील खरा धडा येथे आहे. १९७३ साली मॉन्टाना राज्याच्या फ्लॅटहेड खोऱ्यात काही घोडेस्वार एकत्र आले आणि त्यांनी 'बॅक कंट्री हॉर्समेन' नावाची संघटना उभी केली. जवळच बॉब मार्शल वन्यक्षेत्र आहे, दहा लाख एकरांहून मोठे. तेथे घोड्यांमुळे होणाऱ्या नुकसानीची चर्चा सुरू होती. त्यांना दोन मार्ग मोकळे होते. एक, निषेध करणे. दुसरा, तक्रारीत जेवढे खरे आहे तेवढे मान्य करून ते सुधारणे. त्यांनी बाजू मांडणे सोडले नाही, पण आधी सुधारणेला हात घातला. पुढे ही चळवळ इतर राज्यांतही पसरली.

घोडा झाडाला बांधायचा नाही, असे शिकवले जाऊ लागले. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून त्यांच्यामध्ये उंचावर दोर ताणायचा आणि त्या दोराला घोडा बांधायचा, म्हणजे खूर मुळांपासून दूर राहतात आणि साल वाचते. मुक्काम ओढ्या-तळ्यापासून सुमारे ६० मीटर दूर करायचा. निघताना लीद पसरून टाकायची आणि उकरलेली माती सारखी करायची. अनेक राष्ट्रीय वनांत आता तणाचे बी नसलेली, प्रमाणित वैरणच न्यावी लागते. काही वन्यक्षेत्रांत एका गटातील माणसे आणि जनावरे मिळून बारापेक्षा जास्त चालत नाहीत. तेथे याला गमतीने 'हृदयाचे ठोके मोजणे' म्हणतात, कारण घोड्याचे हृदयही त्यात धरले जाते.

दुसरे काम श्रमाचे. वन्यक्षेत्रात यंत्राची करवत चालत नाही, म्हणून पडलेली झाडे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या लांब करवतीने कापावी लागतात. करवत चालवणाऱ्या स्वयंसेवकाला वनखात्याचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घ्यावे लागते. शिवाय जे कामगार आठ-आठ दिवस आत राहून वाट दुरुस्त करतात, त्यांचे अन्न, तंबू आणि अवजारे खेचरांवर लादून पोहोचवणे हे काम घोडेस्वार विनामूल्य करतात. त्या दुरुस्त वाटेवरून पुढे चालणारे बहुतेक लोक पायी जाणारेच असतात!

तिसरे काम कागदाचे. १९७६ च्या राष्ट्रीय वन व्यवस्थापन कायद्याने वनांचे आराखडे तयार करताना लोकांचा सहभाग आवश्यक ठरवला. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि त्यावर कोणालाही लेखी मत देता येते. अनुभवी घोडेस्वार अशा वेळी 'आमचा हक्क आहे' असे मोघम पत्र पाठवत नाहीत. कोणती वाट, कोठून कोठपर्यंत, तेथे कोणता पूल, ट्रेलर वळवायला किती जागा लागेल आणि देखभालीचा किती भार संघटना उचलेल, हे ते लिहितात. अधिकाऱ्याला अशा पत्राचा उपयोग होतो.

या सर्वांचा परिणाम दिसला. २०१६ साली वनवाटांच्या देखभालीविषयी कायदा झाला आणि स्वयंसेवकांचे व सहयोगी संस्थांचे काम मोठ्या प्रमाणावर वाढवावे, असे त्यात वनखात्याला सांगण्यात आले. हा कायदा व्हावा म्हणून घोडेस्वारांच्या बरोबरीने निसर्गरक्षण संस्थाही उभ्या राहिल्या होत्या. एकेकाळी जे समोरासमोर होते, ते एका अर्जावर एकत्र आले.

वाटेवरचा शिष्टाचार

अमेरिकेतील अनेक वाटांच्या तोंडाशी एक त्रिकोणी पाटी असते. तिचा अर्थ असा: सायकलस्वाराने सर्वांना वाट द्यावी, चालणाऱ्याने घोड्याला वाट द्यावी. काही जणांना हे अपमानकारक वाटते. माणसाने जनावराला वाट द्यायची?

कारण समजले की राग जातो. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, शिकार करणारा नव्हे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. मात्र नाकाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या मागचे दिसत नाही. अनोळखी वस्तू अचानक दिसली की तो विचार करायला थांबत नाही, तो बुजतो आणि पळतो. अरुंद वाटेवर, एका बाजूला दरी असताना तो बुजला तर स्वार आणि चालणारा, दोघांच्याही जिवावर बेतते. पाठीवर मोठी पिशवी आणि डोक्यावर टोपी असलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असे नाही. म्हणून शक्यतो उताराच्या बाजूला उभे राहावे, शांत आवाजात काही बोलावे, म्हणजे आवाजावरून तो माणूस ओळखतो, आणि तो जाईपर्यंत हालचाल करू नये.

घोडेस्वाराचीही कर्तव्ये आहेत. नवशिका, बुजरा घोडा गर्दीच्या वाटेवर आणू नये. माणसे दिसताच चाल मंद करावी. वाट दिल्याबद्दल थांबून आभार मानावेत. चिखलाच्या दिवसांत घरी राहावे.

एकाने राखलेली वाट दुसऱ्याच्या कामी

कॅलिफोर्नियात टाहो सरोवराच्या भागातून ऑबर्न गावापर्यंत सिएरा नेवाडा पर्वतातून एक जुनी वाट जाते. १९५५ पासून तेथे 'टेव्हिस कप' नावाची घोड्यांची शर्यत होते: २४ तासांत १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. १९७४ साली गॉर्डी एन्सले नावाच्या तरुणाने घोड्याशिवाय, स्वतःच्या पायांनी त्या शर्यतीत भाग घेतला आणि २३ तास ४२ मिनिटांत अंतर पार केले. त्यातूनच १०० मैल धावण्याची 'वेस्टर्न स्टेट्स' ही स्पर्धा जन्माला आली. आज तिच्यात धावण्यासाठी जगभरातून अर्ज येतात. ज्या वाटेवर घोडे धावत राहिले, तीच पुढे धावपटूंना मिळाली.

असेच एक उदाहरण इंग्लंडचे. तेथील परिस्थिती थोडी वेगळी आहे. जमीन बहुधा खासगी असते, पण तिच्यावरून जाण्याचा जनतेचा हक्क कायद्याने नोंदवलेला असतो. अशा नोंदलेल्या वाटांपैकी ढोबळमानाने पाचवा हिस्साच घोडेस्वारांना खुला आहे. मेरी टाउनली या बाईंनी १९८६ साली दोन मैत्रिणींबरोबर कॉर्ब्रिजपासून ॲशबोर्नपर्यंत सुमारे २५० मैलांचा प्रवास घोड्यावरून केला आणि घोडेवाटांची दुर्दशा लोकांपुढे आणली. त्यांच्या प्रयत्नांतून 'पेनाइन ब्राइडलवे' ही लांब पल्ल्याची राष्ट्रीय वाट साकारली. बाई २००१ साली वारल्या. पुढच्याच वर्षी ४७ मैलांचा एक वर्तुळाकार टप्पा त्यांच्या नावाने खुला झाला. इंग्लंडमध्ये १९६८ पासून घोडेवाटांवर सायकलही चालवता येते. त्यामुळे बाईंनी घोड्यासाठी मागितलेली ही वाट सायकलस्वार आणि पदयात्री यांच्याही उपयोगी पडते आहे.

आपण काय घ्यावे?

आता सुरुवातीचे दोन शब्द आठवा: शिलेदार आणि बारगीर. सार्वजनिक जागेत आपण बहुतेक जण बारगीर असतो. घोडा सरकारचा, चंदी-वैरण सरकारची, आपण नुसते बसायचे. घोडा लंगडला की तक्रार करायची. ज्या घोडेस्वारांची ही हकिगत आहे, त्यांनी शिलेदारी पत्करली. ज्या वाटेवर हक्क सांगायचा, तिची जबाबदारी आधी आपल्या अंगावर घेतली.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्वयंसेवक झटतात म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. कर देणाऱ्या नागरिकाला देखभालीची मागणी करण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि जो श्रम करू शकत नाही त्याचाही वाटेवर तेवढाच हक्क आहे. श्रमदान ही हक्काची किंमत नव्हे. पण श्रम करणाऱ्याच्या शब्दाला वजन येते, हाही अनुभव आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण पुढे घोड्यावर बसतील. पण सार्वजनिक मैदान, बाग, वाचनालय, नदीचा घाट यांपैकी कशावर ना कशावर तुम्हाला कधीतरी हक्क सांगावा लागेल. तेव्हा हा क्रम लक्षात ठेवा. आधी जागा नीट पाहा आणि मोजा. समोरच्याच्या तक्रारीतील खरे तेवढे मान्य करा. आपल्याकडून होणारे नुकसान आधी थांबवा. मग नेमकी मागणी लेखी द्या, आणि जे काम करण्याचे वचन द्याल ते करा.

पालकांना विनंती की पुढील रविवारी मुलांबरोबर घराजवळच्या एखाद्या सार्वजनिक जागेवर अर्धा तास बसावे आणि तेथे कोण येते, कोणाला येता येत नाही, ते पाहावे. विश्वस्त मंडळींना विनंती की विद्यार्थ्यांनी जी निवेदने तयार केली असतील ती ऐकण्यासाठी एका बैठकीतील थोडा वेळ राखून ठेवावा. मुलांचे म्हणणे मोठ्यांनी ऐकून घेतले, तर नागरिकशास्त्र पुस्तकाबाहेर येईल.

शब्दार्थ

पागा – घोडदळाचा तबेला
चंदी – घोड्याला द्यायचे धान्य
बुजणे – जनावराने अचानक घाबरून बिथरणे
वन्यक्षेत्र – कायद्याने मूळ नैसर्गिक स्थितीत राखलेला प्रदेश
मसुदा – अंतिम होण्यापूर्वीचा लेखी आराखडा

स्वाध्याय

१. ॲपलाचियन आणि पॅसिफिक क्रेस्ट या वाटांना एकाच कायद्याने दर्जा मिळाला, तरी घोडेस्वारांबाबत नियम वेगळे का झाले असावेत?

२. बंदीची पाटी न लावताही वाट कशी बंद होते? लेखातील दोन कारणे लिहा आणि तिसरे आपल्या परिसरातील शोधा.

३. सायकलस्वाराचा आक्षेप तुम्हाला पटतो का? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच ओळी लिहा. (इयत्ता ८ वी ते १० वी)

४. आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा: लहानपणी तुम्ही ज्या वाटेने शाळेत जात होता, ती वाट आज आहे का? नसल्यास ती कशी गेली?

५. गटकार्य: चार जणांनी मिळून आपल्या भागातील एका सार्वजनिक जागेविषयी एक पानाचे निवेदन तयार करा. निवेदनात मागणी एकच असावी, आणि गट स्वतः कोणते काम करील तेही लिहावे. उत्तम निवेदने पुढील अंकात छापली जातील.

– प्राचार्य